मुक्या योद्ध्याचं वाक्य

“मी दार उघडतो,” मी म्हणाले.

“मी दार उघडतो,” बापू म्हणाले.

“आणि मशाल पुढे धरून आत डोकावतो.”

“आणि मशाल पुढे धरून आत डोकावतो.” बापूंनी हातसुद्धा पुढे केला. मशाल नव्हती, पण हात अगदी मशाल धरल्यासारखा वळला होता.

रेहानानं हातातला फासा टेबलावर आपटला. “बापू, दार तुम्ही उघडताय का वैजू उघडतेय?”

बापू गोंधळले. “मीच की. का?”

“मग ती आधी का बोलतेय?”

“ती नेहमीच आधी बोलते,” बापू म्हणाले. “प्रॉम्प्टर आहे ती.”

टेबलाच्या चौथ्या बाजूला शीतल मगदूम बसला होता. तो नुसता ऐकत होता. त्याचा योद्धा मुका होता.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत गावभागात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. खाली सायकलचं दुकान, वर माडीवर माझी आठ मशीन. रविवारी मशीनवर रेक्झिनच्या टोप्या चढवल्या, की मधलं मोठं टेबल मोकळं व्हायचं. तिथं आम्ही चौघं बसायचो. आमच्या हौशी नाटक मंडळाचं उरलंसुरलं सामान म्हणजे आम्ही चौघं.

बापू शेटे दिग्दर्शक. नोकरी एसटी स्टँडवर, गाड्या पुकारायची. त्यांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या गल्लीतली माणसं सामान उचलून उभी राहायची. रेहाना मुजावर मेडिकलच्या दुकानात बसायची आणि आमच्या नाटकातल्या झाडून सगळ्या बाया करायची, सासू आणि सून एकाच नाटकात असल्या तर दोन्ही. शीतलचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं. बाहेरच्यांना नाव बाईचं वाटतं, आमच्याकडे ते पुरुषांचं सर्रास असतं. हा शीतल सहा फूट, भरघोस मिशा, बोटांना कायम तांब्याच्या तारेचे ओरखडे, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा फक्त माझ्याशीच बोलतोय.

आणि मी, वैजयंती. बारा वर्षं विंगेत. संहिता टाइप करायची मीच आणि ती मांडीवर घेऊन बसायचीही मीच. रंगमंचावर एकदाही पाऊल टाकलं नाही, नुसत्या विचारानं मला घाम फुटायचा. पण सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ असायची. कुणी श्वास जरा जास्त लांबवला की माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघालंच. बारा वर्षांत मंडळींना त्याची इतकी सवय झाली होती, की हॉटेलात वेटरनं “काय आणू?” विचारलं तरी बापू आधी माझ्याकडे बघायचे.

त्या आधीच्या वर्षी स्पर्धेत तिसऱ्या अंकात शीतल एका वाक्यावर अडला. मी विंगेतून वाक्य दिलं. ते अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. लोक हसले, आणि उरलेला अंक शीतलनं कसाबसा ओढत नेला. परीक्षकांचा शेरा आला, ‘प्रमुख भूमिकेचे पाठांतर कच्चे’. त्यानंतर शीतल तालमीच्या जागेकडे फिरकलाच नाही. विचारलं तर म्हणायचा, “जमत नाही आता. मोटारीच बऱ्या, त्या जळल्या तर दिसतं तरी कुठं जळल्या.”

आठ महिने गेले. नव्या स्पर्धेचा अर्ज बापूंच्या शर्टाच्या खिशात चारदा घडी घालून पडला होता. “शीतल्या नसला तर मी अर्ज भरत नाही,” ते म्हणायचे. “आणि अर्ज नाही भरला तर मंडळ गुंडाळलं म्हणून समजा. मी छप्पन्नचा झालोय, नवीन शीतल्या घडवायला मला आता वेळ नाही.”

अशात रेहानाला एक खोकं मिळालं. तिचा चुलतभाऊ बंगळूरला कंपनीत होता. दुबईला जाताना तो सामान तिच्याकडे टाकून गेला. त्यात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि कापडी पिशवीत रंगीत फासे. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा. दुकानात गिऱ्हाईक नसताना रेहानानं निम्मं पुस्तक वाचून काढलं आणि तडक शीतलचं दुकान गाठलं.

“हे बघ, नाटकच आहे,” ती त्याला म्हणाली. “पण बसून करायचं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार. तो सांगणार की समोर जंगल आहे, गुहा आहे, राक्षस आहे. आपण सांगायचं, आपलं पात्र काय करतं. जमलं का नाही ते फासा ठरवणार. बारा किंवा वर पडला तर जमलं.”

“आणि प्रेक्षक?”

“प्रेक्षक नाहीत.”

“एकपण नाही?”

“कुत्रंपण नाही.”

शीतलनं हातातली तार खाली ठेवली. “मग येतो.”

सूत्रधार कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. “पुस्तक हातात कोण धरतं आपल्यात?” बापूंनी विचारलं आणि तीन बोटं माझ्याकडे वळली.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? आठवडाभर बसून मी बेचाळीस पानं टाइप केली, कार्बन लावून चार प्रती. प्रवेश पहिला, जंगल. प्रवेश दुसरा, नदी. प्रत्येकाची वाक्यं, कंसात हालचाली. पहिल्या रविवारी आम्ही गोल बसून ते वाचलं. दीड तासात राक्षस मेला, खजिना मिळाला, पडदा.

“संहिता बरी आहे,” बापू म्हणाले. “दुसरा अंक जरा लांबतो.”

“आणि हे?” रेहानानं फाशांची पिशवी वर धरली. तिची नाडीही कुणी सोडली नव्हती. “हे काय कानात घालू?”

शीतलनं त्याची वाक्यं विजेचं बिल वाचावं तशी वाचली होती. मी खास त्याच्यासाठी दोन पानांचं भाषण लिहिलं होतं, युद्धाआधीचं. त्याला बोलतं करायचं म्हणून तर मी हा सगळा घाट घातला होता. ते भाषण त्यानं पाऊण मिनिटात संपवलं आणि प्रत नीट घडी करून मला परत दिली.

दुसऱ्या रविवारी मी पानं वाटली नाहीत. पानं माझ्यापुरती ठेवली. पात्रं ज्यानं त्यानं स्वतः निवडायची असं ठरलं. सहा फुटांना दोन बोटं कमी असलेल्या बापूंनी डोंगरातला ठेंगू लोहार घेतला. रेहानानं चोर घेतला. शीतल मिशीवरून हात फिरवत बसला, मग म्हणाला, “माझा योद्धा मुका आहे.”

“मुका?” मी म्हणाले. “अरे, पण मी तुझ्यासाठी—”

“जन्मापासून,” शीतल म्हणाला.

त्याच दिवशी ते दाराचं झालं. बापू थांबले की मी बोलायची, मी बोलले की बापू बोलायचे. रेहाना ओरडली तरी दहा मिनिटांनी पुन्हा तेच. रेहाना विचार करायला थांबली तर मी म्हणाले, “मी दबकत भिंतीकडे जाते.” ती म्हणाली, “जा.” मी तिच्याकडे बघायला लागले. “नाही, जा ना तू. मी इथंच बसते, तू चोरी करून ये. येताना चहा घेऊन ये.”

शेवटी तिनं पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी काढली. “आ कर. ही चोखायची. विरघळेपर्यंत दुसऱ्याचं वाक्य बोलायचं नाही.”

“चघळली तर चालेल?”

“चघळलीस तर दोन.”

अशा रीतीनं मी खेळ चालवायला शिकले. पुस्तकात त्याबद्दल तीनशे पानं होती, माझं काम गोळ्यांच्या एका पट्टीत झालं.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना पुलावर आणलं. मोठा लाकडी पूल, खाली दरी. “पुलाच्या मध्ये राक्षस उभा आहे,” मी म्हणाले. “आठ फूट उंच, हातात सोटा. तो म्हणतो, इथून कुणीही पलीकडे जाणार नाही.” माझ्याकडे दोन पानांची मारामारी टाइप करून तयार होती. मी गोळी तोंडात टाकली आणि बसले.

बापू माझ्याकडे बघत होते. मी गोळी या गालातून त्या गालात नेली. त्यांनी रेहानाकडे बघितलं. रेहाना छताकडे बघत होती. मग बापूंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ते खुर्चीवरून उठले, कपाटाला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि अख्ख्या गावभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“इकडे लक्ष द्या! पलीकडच्या डोंगरावर जाणारी जादा गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे! प्रवाशांनी पुलावर गर्दी करू नये, रांगेत उभं राहावं! राक्षसांनी सर्वांत मागे उभं राहावं!”

रेहानानं फासा त्यांच्या हातात दिला. बापूंनी तो फुंकर मारून टाकला. एकोणीस.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पानावर असं काही नव्हतं. पुढच्या पानावरही नव्हतं. मग मी तोंडातली गोळी गालात सरकवली आणि म्हणाले, “राक्षस... इकडेतिकडे बघतो. सोटा खाली ठेवतो. रांगेच्या मागे जाऊन उभा राहतो. आणि हळूच विचारतो, ‘खिडकीची जागा मिळेल का हो?’”

बापू आधी हसले. मग रेहाना टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली आणि तशीच हसता हसता म्हणाली, “मी त्याचा सोटा चोरते.” शीतलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो उठला, काही न बोलता बाजूला सरकला, कमरेत वाकून हात पुढे केला आणि न दिसणाऱ्या राक्षसाला रांगेतली आपली जागा दिली. खालून सायकलवाले अण्णा वर आले. “काय झालं हो? कोण पडलंबिडलं काय?”

“नाही अण्णा,” रेहाना म्हणाली. “जादा गाडी सुटली.”

“राक्षसाचं नाव काय?” बापूंनी मला विचारलं. ते आता गाडीचा चार्टच भरायला बसले होते.

“जनार्दन,” मी घाबरून म्हणाले.

जनार्दन त्या दिवसापासून आमच्याबरोबरच राहिला. तो तोंडानं राक्षस होता, मनानं फार भिडस्त. त्याला पोहता येत नव्हतं, घोड्यांची भीती वाटायची आणि रात्री त्याला आईची आठवण यायची. यातलं एक अक्षरही मी आधी टाइप केलं नव्हतं. मी बोलत होते, लोक ऐकत होते, आणि मला घाम फुटला नव्हता. घरी जाताना मी जिन्यावर एकटीच हसले.

पण जिन्याखाली बापू थांबले होते. चष्मा पुसत म्हणाले, “आज हसला गं तो. आठ महिन्यांनी हसताना बघितला.” मग खिसा चाचपला. “पण बोलला नाही. पुढच्या सोमवारी अर्जाची शेवटची तारीख आहे.”

“रविवार आहे की मध्ये,” मी म्हणाले.

“एकच आहे,” बापू म्हणाले आणि सायकलला टांग मारली.

तो शनिवार मी मशीनसमोर बसून काढला. या वेळी एकच पान टाइप केलं. डोंगराच्या पोटात बंद दार. दारावर दगडी द्वारपाल. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, ‘इथवर येताना काय सोडून आलास?’ ज्याचं उत्तर त्याला पटेल तो आत जाईल, न पटेल तो दगड होईल. खाली मी एक पळवाट टाइप करून ठेवली. दाराजवळ घंटा आहे, मुक्या योद्ध्यानं ती वाजवली तर त्याला उत्तर द्यायची गरज नाही. शीतलची पंचाईत नको व्हायला.

प्रश्न मी मुद्दाम तसा टाकला होता का? टाकला होता. आणि टाकल्यावर घाबरून घंटाही मीच बांधली होती.

रविवारी सगळे वेळेआधी आले. जनार्दन गुहेत मावत नव्हता म्हणून त्याला बाहेर घोड्यांजवळ बसवला. त्यानं घोड्यांपासून दहा हात लांब बसायची परवानगी मागितली, बापूंनी दिली. मग द्वारपालानं पहिला प्रश्न चोराला विचारला.

“मी प्रामाणिकपणा सोडून आले,” रेहाना म्हणाली. “लहानपणीच. कुठं सोडला आठवत नाही.”

फासा पडला दोनवर.

“हे खरं आहे की!” रेहाना भांडायला लागली. “याच्यापेक्षा खरं मी आजवर बोललेली नाही!”

“द्वारपालाला पटलं नाही. तू दगड झालीस. दगड बोलत नाहीत.”

ती तोंड उघडं ठेवूनच दगड झाली. मग लोहाराची पाळी. बापू उभे राहिले, एक हात छातीवर ठेवला. “मी माझी भट्टी सोडून आलो,” ते म्हणाले. “बायको भट्टीजवळ उभी होती. तिनं एवढंच विचारलं, रात्रीला येणार का? मी हो म्हणालो. त्याला नऊ वर्षं झाली.” मला भरून आलं. दगड झालेल्या रेहानानंसुद्धा नाक ओढलं.

फासा पडला चारवर.

“चार?” बापू ओरडले. “अरे, माणूस इतकं जीव तोडून बोलतोय आणि चार?”

“फासा ऐकत नाही, बापू.”

“आमच्या परीक्षकांसारखाच आहे मेला,” बापू पुटपुटले आणि हात छातीवर तसाच ठेवून दगड झाले.

उरला मुका योद्धा. असं व्हायला नको होतं. दोघांपैकी एक तरी आत जाईल असा माझा हिशेब होता. आता मंडळींपैकी दोघं दगड, तिसरा मुका, आणि मी सूत्रधार.

“द्वारपाल तुझ्याकडे वळतो,” मी शीतलला म्हणाले. “तो विचारतो, ‘इथवर येताना काय सोडून आलास?’”

शीतल टेबलाकडे बघत होता. अंगठ्यानं बोटावरचा एक ओरखडा चोळत होता. पंखा फिरत होता. खाली अण्णा कुठल्या तरी चाकात हवा भरत होते, पंपाचा आवाज येत होता. शीतलनं श्वास घेतला आणि तो तसाच राहिला.

माझ्या तोंडातली गोळी कधीच विरघळली होती. घंटेचं वाक्य जिभेवर तयार होतं. ‘दाराजवळ एक घंटा आहे.’ एवढंच म्हणायचं होतं. तो सुटला असता, मी सुटले असते, आणि सगळे मिळून खाली चहाला गेलो असतो.

आता खरं सांगते. स्पर्धेच्या संध्याकाळी शीतल वाक्य विसरला नव्हता. तिसऱ्या अंकात तो वडलांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. तालमीत तो तिथं चार मोजेपर्यंत थांबायचा. त्या दिवशी चार झाले, पाच झाले, सहा झाले. विंगेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. डोळे भरले होते, हनुवटी हलत होती, वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मला दिसत होतं की तो विसरलेला नाही. पण ती शांतता मलाच सोसवेना. सातव्याला मी वाक्य दिलं. नको तेवढ्या मोठ्यानं दिलं, वर टांगलेल्या माइकनं ते उचललं, आणि माझा आवाज सभागृहभर पसरला. मागून कुणीतरी हसलं. नंतर सगळ्यांनी शीतलच्या पाठीवर हात ठेवला, “होतं रे असं, कुणीही विसरतं.” मी पण ठेवला. आठ महिने मी कुणाला काही बोलले नव्हते.

मी घंटेचं पान मशीनच्या टोपीखाली सरकवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. शाळेत बाई बसवायच्या तशी. चार झाले. सात झाले. बापूंच्या दगडी डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, दे की वाक्य, काय बघतेस? रेहानाचा ओठ हलला. मी मान हलवून तिला गप्प केलं. मग मी मोजणं सोडून दिलं. पंप थांबला. अण्णांनी हवा भरून संपवली असावी.

“मी मुका नाही,” शीतल म्हणाला.

आवाज जरा चिरका आला. त्यानं घसा साफ केला, आणि पुढचं वाक्य आमच्या ओळखीच्या आवाजात आलं.

“मी मुका नाही. मी एकदा भरचौकात बोलायला उभा राहिलो होतो. आयुष्यात तेवढं एकच वाक्य नीट बोलायचं होतं मला. ते बोलायच्या आधी लोक हसले. मी मान खाली घालून निघालो, तो निघालोच. सगळ्यांना सांगितलं, मुका आहे. स्वतःलापण तेच सांगितलं.” तो थांबला. कुणीही त्याला काही दिलं नाही. “चालताना मात्र सारखं वाटायचं, हसणारे किती होते? चारपाच असतील. बाकी सगळा चौक ऐकायला थांबला होता. मी त्या चारपाच जणांसाठी सगळा चौक सोडून आलो. ते लोक अजून थांबलेत का, मला बघून यायचंय. दार उघड.”

रेहानानं, दगड असूनही, फासा हळूच माझ्याकडे सरकवला. नियम होता. बोलल्यावर फासा टाकायचा.

मी फासा उचलला आणि मुठीत धरला. पुस्तकात कुठंतरी लिहिलं होतं की फासा केव्हा टाकायचा ते सूत्रधार ठरवतो. वाचलं तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

“फासा नको,” मी म्हणाले. “दार उघडलं.”

“अरे वा रे पठ्ठ्या!” बापू उठून ओरडले. खालून अण्णांनी विचारलं, “परत जादा गाडी काय?”

“बापू, तुम्ही दगड आहात!” रेहाना म्हणाली, पण ती स्वतःच खुर्चीवर उभी होती आणि टाळ्या वाजवत होती.

“दार उघडल्यावर दगड मोकळे होतात,” मी म्हणाले. हे मी तेव्हाच ठरवलं. “आणि बाहेरून जनार्दनाचा आवाज येतो. तो विचारतो, आता तरी आत येऊ का, घोडा जवळ सरकलाय.”

“ये म्हणावं बाबा,” शीतल म्हणाला. “योद्धा त्याला हाक मारतो. जनार्दना, ये रे!” ती हाक शेवटच्या रांगेपर्यंत गेली असती.

आत खजिना होता. तो किती आणि काय होता, ते आता मला आठवत नाही. बापूंनी खिशातून अर्ज काढला, टेबलावर हातानं इस्त्री करून पसरला आणि शीतलपुढे पेन ठेवलं. शीतलनं नाव लिहिलं, तेव्हा बापू खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर बघत उभे राहिले. मग ते आणि रेहाना भडंग आणायला खाली गेले.

आम्ही दोघं मशीनवर टोप्या नीट करत होतो. एका टोपीखालून घंटेचं पान बाहेर पडलं. शीतलनं ते उचललं, वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“घंटा होती?”

“होती.”

“मग सांगितली का नाहीस?”

मी टोपीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “शीतल,” मी म्हणाले, “स्पर्धेच्या दिवशी तू विसरला नव्हतास. मला दिसत होतं. तरी मी बोलले. आणि नंतर सगळे तुला विसराळू म्हणत होते तेव्हा गप्प बसले. चूक माझी होती.”

शीतलनं पान चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

“ठाऊक आहे की मला,” तो म्हणाला.

“ठाऊक होतं? मग आठ महिने बोलला का नाहीस? एकदा तरी मला झापायचंस!”

“कसं बोलू?” तो म्हणाला. मिशीत हसला. “वाक्य तुझं होतं. मी वाट बघत होतो.”

मग आम्ही दोघंही इतकं हसलो, की भडंगाचा पुडा घेऊन वर आलेल्या बापूंना वाटलं, त्यांच्यामागे आम्ही खेळ पुढे नेला. ते रागावले. त्यांना समजवायला मला जनार्दनाचा एक नवीन पराक्रम तिथल्या तिथं रचून सांगावा लागला.

त्या वर्षी स्पर्धेत मी पुन्हा विंगेत बसले. पहिल्या अंकात शीतल एका जागी थांबला, नको तेवढा थांबला. मी संहिता मिटून मांडीवर ठेवली, पर्समधून एक गोळी काढली आणि तोंडात टाकली.